कळंबची सोमवारी

आमच्या कळंबच्या अंगणवाडीत सोमवारी नावाची मदतनीस रुजू झाली, त्या दिवशी तिनं सगळ्यात पहिलं काम केलं ते म्हणजे पाण्याचं पिंप ओतून दिलं. सकाळीच भरून घेतलेलं पिंप. मी पोरांची हजेरी घेत होते. अंगणात पाण्याचा लोट बघून ओरडतच बाहेर आले, तर ही शांतपणे पिंप पालथं घालून उभी.

"बाई, हे पानी कुठनं आलं?"

"कुठनं म्हणजे? टँकरनं."

"आन टँकर कुठनं आला?"

मला सांगता येईना. "मंग तू इचार," ती म्हणाली. "मी तवर हापशाचं आणतो." आणि दोन घागरी उचलून ती गेलीसुद्धा.

ती स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलायची. मी आलो, मी जातो, मी भात शिजवला. आणि सगळ्यांना 'तू' म्हणायची. मला, सरपंचांना, इंदापूरहून येणाऱ्या सुपरवायझर मॅडमनासुद्धा. मॅडमना पहिल्यांदा "तू च्या पितो का?" असं विचारलं तेव्हा मीच घाबरले होते. मॅडमना हसू आवरेना आणि त्यांनी दोन कप चहा घेतला. आमच्या वर्गातली दोन-तीन पोरंही तिच्यासारखी बोलायला लागली होती. एका मुलीच्या आईनं तक्रार केली की पोरगी घरी "मी निजतो" म्हणते.

सोमवारी मूळची झारखंडची. तिचा नवरा दिलीप मात्र आमच्याच आळीतला. बारामतीला आयटीआय करून तो एका ठेकेदाराबरोबर तिकडे गेला. तिथल्या युरेनियमच्या खाणीवर पंप आणि पाइप बसवायचं काम होतं. तिथंच त्यानं हिच्याशी लग्न केलं, चार-पाच वर्षं राहिला आणि मग खोकला मागं लागला म्हणून हिला घेऊन गावी आला. ती 'हो' नावाच्या आदिवासी जमातीची. दिलीपची आई म्हणजे आमच्या गोदाआत्या. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "जात कुठली?" ही म्हणाली, "हो." आत्या म्हणाल्या, "व्हय, पन कुठली?" असं बराच वेळ चाललं होतं म्हणतात.

इथं पुन्हा हळद लावून लग्न लावलं तेव्हा गोदाआत्यांनी तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव लिहिलं, सुनंदा. पण सुनंदा म्हणून हाक मारली तर ही ओच देईना. आत्यांना वाटलं ताठा आहे. पुढं कधीतरी मी विचारलं, तर म्हणाली, "मला वाटलं सुनंदा घरात दुसरं कोन हाय." महिनाभरात आत्यांनीच हार मानली. सोमवारी जन्मली म्हणून तिच्या आजीनं ठेवलेलं नाव तेच राहिलं.

दिलीपला जवळच्याच एका साखर कारखान्यात फिटरचं काम लागलं. तो घरी आला की ही त्याला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. बाहेरच कपडे उतरवायचे, बाहेरच्या दगडावर आंघोळ करायची, मग आत. कपडे वेगळ्या बादलीत, वेगळ्या दगडावर धुवायचे आणि ते पाणी कडुलिंबाच्या पलीकडं नेऊन ओतायचं. गोदाआत्या चिडायच्या. "आगं, पोरगं मळीच्या वासाचं आलंय घरी, मसणातनं न्हाय आलं!" पण तिनं ऐकलं नाही. आत्यांशी ती भांडायचीही नाही. बादली उचलायची आणि चालू लागायची.

एकदा खिचडीचे तांदूळ निवडता निवडता मी तिला कारण विचारलं. तोवर ती अंगणवाडीत येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. ती तांदूळ निवडायचं न थांबता सांगत गेली.

"माझा बाप खाणीत जायचा. पयलं आमचं शेत होतं. कंपनीनं शेत घेतलं, बापाला नोकरी दिली. बाप घरी यायचा त्याच कापडावर. आई ती वढ्याला धुवायची. मी बी धुवायचो. खाली पोरं पवायची. कुनी सांगितलं न्हाय बाई, ही धूळ वाईट हाय म्हनून. पानी चांगलं दिसायचं. वास न्हाय, चव न्हाय."

"मग कळलं कधी?"

"कळलं म्हंजी काय? खाणीतला दगूड दळून त्यातनं त्यांचं काय ते काढून घ्यायचे, आन ऱ्हायलेला गाळ पायपानं तळ्यात सोडायचे. आमच्या गावाच्या वरच तळं. उन्हाळ्यात सुकलं का पांढरी रेती उडायची. भातावर पडायची. आमी त्या तळ्यात चेंडू खेळायचो. मंग माझ्या वारगीच्या पोरींची लग्नं झाली. त्यांची पोरं बघितली, तवा कळलं."

एवढं बोलून तिनं ताट उचललं आणि तांदूळ धुवायला गेली. पुढचं मी विचारलं नाही.

त्यामुळंच त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी जे घडलं त्याचं मला गावाइतकं आश्चर्य वाटलं नाही. अंगणवाडीच्या पटांगणात चिखल व्हायचा. सरपंचतात्यांनी भराव टाकायला ट्रॅक्टर पाठवला. ट्रॉलीत करड्या रंगाची बारीक पूड होती. ड्रायव्हर ट्रॉली पालथी करणार एवढ्यात सोमवारी मागच्या फळीवर चढून बसली.

"हे कुठनं आलं?"

"तात्यांनी धाडलंय," ड्रायव्हर म्हणाला.

"तात्या पूड करतो का? कुठनं आलं ते सांग."

ड्रायव्हरला माहीत नव्हतं. त्यानं तात्यांना फोन लावला. तात्या मोटारसायकलवर आले. तोवर निम्मी आळी जमली होती. ही अजून फळीवर, मांडी घालून.

"आगं बाये, कच हाय ती! क्रशरची कच. खडी फोडत्यात तिथली."

"कुठला दगूड?"

"आपल्याच माळाचा! काळा दगूड. कुठला आसनार?"

"मला दाखीव."

लोक हसायला लागले. पण तात्यांचंही कौतुक करावं लागेल. त्यांनी तिला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि क्रशरवर नेऊन आणलं. अर्ध्या तासानं परत आली ती पदराच्या टोकाला काळ्या दगडाचा तुकडा बांधून. "चांगलं हाय," तिनं जाहीर केलं, आणि मग स्वतःच खोरं घेऊन संध्याकाळपर्यंत ती सगळी कच पसरली. गावात तिला काही दिवस 'इन्स्पेक्टर' म्हणत होते. तिला ते आवडलं असावं असं वाटतं, कारण त्या नावाला मात्र ती ओ द्यायची.

सोमवारीला मूल नव्हतं. गोदाआत्यांनी देवऋषी केले, बारामतीचे डॉक्टर केले, मग गप्प बसल्या. आणि एका दिवाळीला सोमवारी माहेरी जाऊन आली ती पाठीवर एक मुलगी बांधून. तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, लखी. बहीण वारली होती. लखी नऊ वर्षांची, पण पाचाची वाटायची. पाय काड्यांसारखे, त्यावर उभं राहता यायचं नाही. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना जोडलेली. बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं आणि हसायला फार यायचं. कुणी शिंकलं तरी लखी हसायची.

सोमवारी तिला रोज अंगणवाडीत आणायची. भिंतीला टेकवून बसवायची आणि तिच्या मांडीवर एखादं रांगतं मूल द्यायची. लखी त्याला डाव्या हातानं नीट धरायची. दोन महिने सुरळीत गेले.

मग कुणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. झारखंडातल्या खाणीजवळची गावं, आणि लखीसारखी मुलं, एकामागून एक. खाली लिहिलं होतं, किरणांचा परिणाम. तो व्हिडिओ चार दिवसांत घरोघर फिरला. सोमवारी तिथलीच, लखी तिथलीच, दिलीपही खाणीत होता आणि अजून खोकतोय. सोमवारच्या हजेरीला तीस पोरांतली अकरा आली. बुधवारी चार. एक आजोबा नातवाला न्यायला आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "बाई, तिच्या हातची खिचडी नगं. तिच्या अंगातनं किरनं येत्यात म्हनं."

मी त्यांना समजावलं. असं काही नसतं, म्हटलं. पण खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं. आणि माझी मुलगी मनीषा तेव्हा बाळंतपणासाठी माझ्याकडे आलेली होती. सोमवारी रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची, मनीषाच्या पायांना तेल चोळायची. त्या बुधवारी अंगणवाडीला कुलूप लावताना मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी, थोडे दिवस घरी येऊ नकोस."

तिनं लखीला उचललं. मग विचारलं, "मनीषाला कितवा?"

"आठवा."

"मंग न्हाय येत." लखीला पाठीवर घेऊन तिनं गाठ मारली. "तू त्वांडावर सांगितलंस, बाई. माझ्या आईला तर कुनी कायच न्हाय सांगितलं."

मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. आत नाही, फाटकाबाहेर उभी राहिली. "बाई, बारामतीला चल. मला मोजायचंय."

आम्ही एसटीनं गेलो. ती, लखी आणि मी. आधी सरकारी दवाखान्यात. केसपेपरच्या खिडकीवर ती म्हणाली, "मला मोजा." आतल्या माणसानं विचारलं, "उंची का वजन?" दोन्ही मोजून झालं. किरणांचं नाव काढलं तेव्हा ते लोक एकमेकांकडे बघायला लागले. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं. आमच्याकडे तसं यंत्र नाही, कॉलेजात असेल, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विचारा, असं त्यांनी सांगितलं.

कॉलेजात एक वयस्कर सर भेटले. त्यांनी कपाटातून पेटीएवढं यंत्र काढलं, धूळ पुसली. वायरीच्या टोकाला नळी होती. त्यांनी ती आधी भिंतीजवळ धरली. टिक. थोड्या वेळानं टिक-टिक. "हे असं सगळीकडे असतं," सर म्हणाले. "दगडात, मातीत, हवेत. आता तुम्ही या."

सोमवारीनं डोक्यावरचा पदर नीट केला. सरांनी नळी तिच्या हातांवरून, केसांवरून, पायांवरून फिरवली. मग लखी. प्रत्येक टिकला लखी हसत होती. मग सोमवारीनं पिशवीतून दिलीपचा खाणीतला जुना शर्ट काढला, तोही मोजायला लावला.

"काही नाही," सर म्हणाले. "भिंतीजवळ होतं तेवढंच. आणि बाई, माणसाला असा आजार झालेला असला तरी तो शेजारच्याला लागत नाही. भिण्याचं काही कारण नाही."

"मंग लखी अशी का?"

सरांनी यंत्र बंद केलं. "ते हे यंत्र सांगू शकत नाही. आधी काय झालं, पोटात असताना काय झालं, ते यात दिसत नाही. आणि अशी मुलं दुसरीकडेही जन्मतात. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. सगळ्या गावाचं मोजावं लागतं."

"तू चल मंग," ती म्हणाली. "माझ्या गावाला चल. मशिन घिऊन चल. मी तुला कोंबडं करून घालतो."

मला तेव्हा समजलं की तिला इथं स्वतःचं मोजून घ्यायची घाई नव्हतीच, तिच्या गावाचं मोजायची होती. सरांनाही समजलं असावं. पण ते निवृत्तीला आले होते, यंत्र कॉलेजचं होतं. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि लेटरहेडवर चार ओळी लिहून सही-शिक्का मारून दिला.

तो कागद मी अंगणवाडीच्या दाराला लावला. किराणा दुकानवाली शमीम दुसऱ्याच दिवशी आपल्या मुलाला घेऊन आली, आणि खिचडी शिजेपर्यंत थांबून, सगळ्यांदेखत पहिला घास स्वतः खाऊन गेली. मग हळूहळू बाकीची आली. दोन घरांनी मात्र पोरं शेवटपर्यंत पाठवली नाहीत. मी मनीषाच्या पायांना तेल लावायला सोमवारीला बोलवायला गेले, तेव्हा ती तेलाची बाटली घेऊन निघाली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दिलीप त्यानंतर दीड-एक वर्षानं गेला. फुप्फुसं निकामी झाली होती. तो तंबाखूही खायचा, बिडीही ओढायचा. दहाव्याला कुणीतरी खाणीला दोष देत होतं, तर सोमवारीच म्हणाली, "खाणीचं बी आसंल, बिडीचं बी आसंल. कुनी मोजलंय?"

त्याच सुमारास तिकडून तिच्या चुलतभावाचा फोन आला. खाण वाढवायची म्हणून जनसुनावणी ठेवली होती. गावच्या लोकांनी बोलायचं, साहेबांनी ऐकायचं. लखीला घेऊन ये, तो म्हणाला, तिला बघितलं की साहेबांना कळेल. सोमवारीनं फोनवरच त्याला झाडलं. मला म्हणाली, "फोटोवालं किती आलं आन गेलं. आमची पोरं दारात ठिवून फोटू काढलं. काय झालं? लखी दाखवायला न्हाय." लखीला माझ्याकडे ठेवून ती एकटी गेली.

दहा दिवसांनी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. मांडवात माइकवर ती बोलली होती. तळ्याचं, रेतीचं, पोरांचं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, यादी आहे का? किती बायका, किती मुलं, कुठल्या घरात, काय झालं, लिहिलेलं काही आहे का? कुणाकडेच नव्हतं. साहेब म्हणाले, मग आम्ही कशावरून धरायचं?

"बाई, मला रजिस्टर शिकीव," ती म्हणाली.

ती चौथीपर्यंत हिंदीत शिकलेली. अक्षरं येत होती, हाताला वळण नव्हतं. पोरं घरी गेली की आम्ही बसायचो. गरोदर मातांची नोंद कशी ठेवायची, जन्मनोंद, मृत्यूनोंद, वजनाचा तक्ता, रकाने कसे आखायचे. तिला खाडाखोड चालायची नाही. एक अक्षर चुकलं तर अख्खं पान फाडायची. शेवटी मी दटावलं, की फाडलेल्या पानाचं रजिस्टर कुठलाही साहेब मानत नाही, चुकलं तर एक रेघ मार आणि बाजूला सही कर. ते तिनं पक्कं लक्षात ठेवलं. पाच-सहा महिन्यांत ती माझ्यापेक्षा सरळ रकाने आखायला लागली.

मग तिनं मदतनिशीचा राजीनामा दिला. गोदाआत्या रडल्या, धाकट्या मुलाला म्हणाल्या, तिला थांबव. ती थांबणार नाही हे आत्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी दोन दिवस बसून वाटेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली.

मी तिला सोडायला दौंडपर्यंत गेले. हावड्याकडं जाणारी संध्याकाळची गाडी होती. लखीला खिडकीशी बसवलं, सामान बाकाखाली सरकवलं. पिशवीत सहा कोरी रजिस्टरं होती, मी आखून दिलेली. गाडी सुटायला वेळ होता म्हणून मी खाली फलाटावर खिडकीपाशी उभी राहिले.

"पोचल्यावर कुणाच्या घरापासून सुरू करणार?" मी विचारलं.

"पोचल्यावर कशाला?" ती म्हणाली. तिनं वरचं रजिस्टर काढून मांडीवर उघडलं, पेनाचं टोपण दातात धरलं आणि लिहायला लागली. खिडकीतून मला पान दिसत होतं. आईचं नाव, सोमवारी. किती वेळा दिवस गेले, दोन. किती जगली, शून्य.

इतकी वर्षं रोज माझ्या शेजारी बसून तिनं गावातल्या पोरांना भरवलं होतं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या रकान्याशी तिचं पेन थांबलं.

"बाई, शेऱ्यात काय लिवायचं?"

"राहू दे. रिकामा ठेव," मी म्हणाले.

"न्हाय. रिकामं दिसलं तर ते म्हनत्याल, काय झालंच न्हाय."

गाडी हलली. मी दोन पावलं गाडीबरोबर चालले. ती मान खाली घालून, एकेक अक्षर जपून काढत होती. खिडकी पुढं सरकायच्या आत मला वाचता आलं. एक मुलगी, एक मुलगा.